ज्यूल बियांची आणि आपल्या उसाच्या ट्रॉल्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

५ ऑक्टोबर २०१४. जपानच्या सुझुका ट्रॅकवर भर पावसात फॉर्म्युला वनची शर्यत चालली होती. घसरून कडेला गेलेली एक गाडी उचलायला ट्रॅक्टरसारखं अवजड यंत्र आत आलं होतं. फ्रान्सचा ड्रायव्हर ज्यूल बियांची त्याच वळणावर घसरला आणि त्या यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन धडकला. मेंदूला जबर मार बसला. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही; १७ जुलै २०१५ ला, पंचविसाव्या वर्षी गेला. मे २०१४ मध्ये याच पोरानं मोनाकोत मारुशिया या तळाच्या टीमला पहिलेवहिले गुण मिळवून दिले होते.

कोल्हापुरातून हे आपल्याला लिहितोय, कारण आमच्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की अशी धडक रस्त्यावर होते. राधानगरी, गगनबावडा, कागल, शिरोळ, कुठल्याही रस्त्यावर रात्री जाऊन बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रेडियम असलंच तर चिखलानं माखलेलं. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागे दोन दगड लावलेले. मोटारसायकलवरचं पोरगं खाली घुसतं. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, ‘वेगात होतं’. पंचनामा होतो, विषय संपतो.

बियांचीबद्दलही तेच म्हटलं गेलं. धोक्याचे पिवळे झेंडे दाखवूनही त्यानं वेग पुरेसा कमी केला नाही, असं चौकशी समितीनं नोंदवलं. पण एफआयए, म्हणजे मोटर शर्यतींची जागतिक संघटना, तिथं थांबली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. धोका असताना सगळ्यांनाच वेग उतरवायला लावणारी ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ २०१५ पासून आली. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची कमान, म्हणजे हेलो, २०१८ पासून सक्तीची झाली. सुझुकाच्या त्या धडकेत हेलोचाही उपयोग झाला नसता. इतर अपघातांत मात्र झाला. २०१८ मध्येच बेल्जियमला अलोन्सो या ड्रायव्हरची गाडी उडून दुसरा ड्रायव्हर चार्ल्स लेक्लेरच्या हेलोवर आपटली आणि लेक्लेर चालत बाहेर आला. बियांची हा लेक्लेरचा गॉडफादर, म्हणजे धर्मपिता होता. २०२० मध्ये बहारीनला पेटलेल्या गाडीतून ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँ जिवंत निघाला, तोही हेलोमुळेच. आधी त्याचा हेलोला विरोध होता.

आमची मागणी टायटॅनियमची नाही. हंगामाआधी प्रत्येक ट्रॉलीची आरटीओनं कारखान्याच्या अड्ड्यावर येऊन तपासणी करावी. मागे चालू लाल दिवे आणि पूर्ण रुंदीला रेडियमची पट्टी नसेल, तर रिकामी ट्रॉली गेटमधून बाहेर सोडू नये. ही जबाबदारी कारखान्यावर टाकावी, ट्रॅक्टरवाल्याच्या एकट्याच्या माथी नको. तो बिचारा आधीच उचलीच्या ओझ्याखाली असतो. बंद पडलेली ट्रॉली हटवायला प्रत्येक कारखान्यानं रात्रभर क्रेन तयार ठेवावी. साखर आयुक्तांशी बोलून या अटी गाळप परवान्यातच घाला.

येत्या हंगामाचे परवाने निघण्याआधी हा आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
कोल्हापूरचा एक रेसिंगप्रेमी