शाईच्या पॅडचं झाकण

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतंच ताई. गेल्या आठवड्यात तुमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी येऊन "कानावरची पुस्तकं कुठे असतात?" असं विचारणारा तो मी. अजून आठवलं की गळा दाटतो, तेव्हा पत्र वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या.

प्रश्न कानांचा नव्हताच. वडिलांना कमी ऐकू येतंय आणि घरातलं बोलणं बंद पडत चाललंय, हे अनोळखी माणसाला एका दमात कसं सांगणार? मग आपण एक सभ्य, पुस्तकी प्रश्न तयार करतो आणि तोच विचारतो. याआधी दुसऱ्या एका वाचनालयात तोच विचारला होता. मान वर न करता उत्तर आलं, "कॅटलॉगमध्ये बघा." बघितलं. 'बहिरेपणा' असं टाइप केलं, एकही पुस्तक नाही. नसेलच, म्हणून घरी आलो. नोंद 'श्रवणदोष' या शब्दाखालीही असू शकते, हे मला तुमच्याकडे कळलं. इंटरनेटचं तर विचारूच नका, श्रवणयंत्रांच्या जाहिराती पंधरा दिवस पाठ सोडेनात.

तुम्ही पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होता. माझा प्रश्न ऐकलात, शिक्का बाजूला ठेवलात आणि शाईच्या पॅडचं झाकण लावलंत. टक्. एवढंच. मागे दोघं ताटकळत होते, तरी. झाकण उघडं राहिलं असतं तर मी दोन वाक्यांत आटोपून निघालो असतो, हे नक्की. "कशाला हवंय?" असंही तुम्ही विचारलं नाहीत, त्यावर मी एखादी थाप मारली असती. तुम्ही म्हणालात, "नेमकं काय कळलं म्हणजे तुमचं काम होईल?" आणि मी बोलून गेलो, "वडिलांशी बोलता आलं पाहिजे."

मग तुम्ही उठून सोबत आलात. कानाचे आजार ६१७.८ क्रमांकाच्या कपाटात, ऐकू न येणाऱ्यांना लागणारी मदत ३६२.४२ मध्ये, खुणांची भाषा पार ४१९ मध्ये. दुखणं एक आणि कपाटं तीन! मी एकटा असतो तर पहिल्याच कपाटाशी शस्त्रक्रियेची चित्रं बघत बसलो असतो. पुस्तकांना विषयवार असे क्रमांक देणारं दशांश वर्गीकरण अमेरिकन ग्रंथपाल मेलविल ड्युई यांनी १८७६ साली छापलं तेव्हाच सोबत विषयांची सूची दिली होती, असं तुम्ही चालता चालता सांगितलंत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयासाठीच्या पाच सूत्रांतलं चौथं, 'वाचकाचा वेळ वाचवा', मी नंतर वाचलं. माझा वेळ वाचवायला तुम्ही तुमचा खर्च केलात, तोही मागची रांग बघत असताना. अशी माणसं सरकारी फलकावर कुठे लिहिलेली नसतात, पण त्यांच्या जिवावर कितीतरी दारं उघडी राहतात.

पुस्तक मधल्या कपाटातलं निघालं. वयोमानानुसार बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, 'स', 'श' असली व्यंजनं निसटतात, असं त्यात आहे. "ऐकू येतं रे, कळत नाही," असं वडील दोन वर्षं म्हणत होते आणि मला ती सबब वाटायची. मी आणखी ओरडायचो. ओरडलं की ओठांचे आकार बिघडतात, मग उरलंसुरलंही कळत नाही. आता आधी टीव्ही बंद करतो, उजेड माझ्या तोंडावर पडेल असा समोर बसतो, आणि नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलतो.

परवा वडिलांनी माझं बोलणं मधेच तोडून मला चुकीचं ठरवलं. कित्येक महिन्यांनी आमचा रीतसर वाद झाला, चांगला अर्धा तास.

पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला येईन, तेव्हा नाव विचारतो.

तुमचा,
कानावरची पुस्तकं मागणारा