बायपासच्या आधी भूलतज्ज्ञालाही भेटा

संपादक साहेब, नमस्कार.

मी 26 वर्षं हार्टच्या ऑपरेशनला भूल दिली, आता रिटायर होऊन साताऱ्यात असते. ओटीबाहेर नातेवाईक सर्जनला घेरून सगळं विचारतात आणि मला फक्त "शुद्धीवर कधी येतील?" एवढंच, त्याचं अजून वाईट वाटतं. भूल म्हणजे एक सुई टोचली की माणूस झोपला असं नसतं हो, झोपेचं औषध वेगळं, दुखणं मारणारं वेगळं आणि स्नायू ढिले करणारं वेगळं.

हे तिसरं औषध हृदयाचा स्नायू ढिला करत नाही, ती भीती आधी काढून टाका. पण नाडी आणि बीपीवर या जातीच्या काही औषधांचा परिणाम होतोच. पूर्वी आम्ही त्यातलं पॅनक्युरोनियम खूप वापरायचो, ते व्हेगस नर्व्हचा (हृदयाचे ठोके मंद ठेवणाऱ्या नसेचा) ब्रेक सोडतं म्हणून नाडी वाढते, आणि फेंटानिल या दुखणं मारणाऱ्या औषधाच्या मोठ्या डोसने नाडी मंदावते, त्यामुळे ही जोडी छान जमायची. मात्र कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या) अरुंद असलेल्या पेशंटची नाडी 70 ची 110 झाली तर पंचाईत, कारण हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे मिळतं आणि नेमका तोच वेळ कमी होतो, वर काम वाढतं ते वेगळंच. मॉनिटरवर ईसीजीतला एसटी भाग खाली सरकताना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय अशी खूण दिसताना, बघितलंय मी, हातपाय गार पडतात आपले. उलट एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप) गळका असेल तर थोडी जलद नाडी बरीच! पॅनक्युरोनियमच्याच जातीचं व्हेक्युरोनियम नाडीला हात लावत नाही, पण मग फेंटानिलचा मंदपणा उघडा पडतो, कधीकधी नाडी 40 वर. याच जातीचं अ‍ॅट्राक्युरियम भरकन ढकललं तर हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत अंगात सुटतं ते रसायन) सुटतं, छाती लाल होते, बीपी पडतं, दमेकऱ्याला तर जपूनच.

म्हणजे कोणतं औषध द्यायचं ते पेशंट बघून ठरतं आणि पेशंट बघायला वेळ लागतो. एका काकांनी दमा लपवला होता, ऑपरेशन रद्द होईल या भीतीने, आदल्या रात्री त्यांच्या बायकोच्या तोंडून निघालं म्हणून बरं, औषधच बदललं मी.

तेव्हा माझं कळकळीचं म्हणणं, हॉस्पिटलांनी भूलतज्ज्ञाची भेट आदल्या रात्रीच्या पाच मिनिटांत उरकू नये, दोन-तीन दिवस आधी ठेवावी. आणि नातेवाईकांनो, दमा, अ‍ॅलर्जी, किडनी, चालू गोळ्या, आधीच्या भुलीत काय झालं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, हे सगळं सांगा, जुनी फाईल घेऊन या.

– एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सातारा