राऊटर लावून जातात, कुलूप लावत नाहीत

माननीय संपादक, सा. न. वि. वि.

तुमच्या पेपरात ओटीपी विचारून लुटल्याच्या, खोट्या पोलिसाने व्हिडिओ कॉल केल्याच्या बातम्या रोज असतात आणि त्या यायलाच हव्यात, पण दाराशेजारी खिळ्याला टांगलेला राऊटर, म्हणजे घरभर वाय-फाय देणारा डबा असतो ना, त्याबद्दल कोणी काहीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, गेली एकवीस वर्षं घरूनच हिशोबाचं काम करते, खंडेराव मार्केटमधल्या दोन-तीन दुकानदारांचं टॅली, जीएसटीचे रिटर्न वगैरे, म्हणजे माझ्या कंप्युटरवर माझंच नाही तर दुसऱ्यांचंही सगळं ठेवलेलं असतं. मार्चच्या २० तारखेला सकाळी बँकेची साइट उघडायला गेले तर लाल वॉर्निंग आली, सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, बरोबर नाही. मागे एकदा मदरबोर्डवरचा सेल संपला होता तेव्हा असंच यायचं, तारीख नीट केली की जायचं, म्हणून आधी तारीख बघितली. ती बरोबर होती. रिटर्नचा शेवटचा दिवस, घाई, आणि ‘तरीही पुढे जा’ असं लिहिलेलं असतं त्यावर मी माऊस नेलासुद्धा होता. पण हात थांबला आणि पुण्याला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, तीच साइट मोबाईलवर उघड, पण वाय-फाय बंद करून. उघडली, काही वॉर्निंग नाही. आता वाय-फाय चालू करून बघ. परत लाल! म्हणजे कंप्युटर ठीक होता, गडबड राऊटरमध्ये होती.

मग त्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायला सांगितलं, राऊटरचं पान आलं, नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन, आणि लगेच आत. जे मला उघडता आलं ते कोणालाही आलं असतं आणि कोणालातरी आलंच होतं, कारण डीएनएसच्या जागी भलतेच दोन नंबर होते. डीएनएस म्हणजे आपण साइटचं नाव टाकतो त्याचा खरा नंबर शोधून देणारी वही. ती वहीच कोणी बदलली तर तुम्ही बँकेचं नाव अगदी बरोबर टाका, जाणार तुम्ही चोराच्याच दारात. वर रिमोट मॅनेजमेंट चालू, म्हणजे बाहेरून, कुठूनही ते पान उघडता येत होतं. आणि जोडलेल्या डिव्हायसेसची यादी बघितली तर अकरा, आमच्या घरात सगळं मिळून चार!

आता मला राग आहे तो याचा. कनेक्शन द्यायला मुलगा आला होता तेव्हा शिडीवरून उतरून "मासी, बधुं थई गयुं" (मावशी, सगळं झालं) म्हणून गेला. वाय-फायचा पासवर्ड माझाच मोबाईल नंबर ठेवला, मार्करने डब्यावर लिहूनही दिला. दुसरा एक पासवर्ड असतो, राऊटरच्या स्वतःच्या पानाचा, हे सांगितलंच नाही. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला दिवसाला इतकी घरं करायची असतात, पण कंपनीने त्याला हे शिकवायला नको का? नंतर मी आमच्याच वाड्यात सहा घरांत जाऊन बघितलं, पाच ठिकाणी ॲडमिन-ॲडमिन. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राऊटर पकडले ते असेच कंपनीतून आलेले साठेक पासवर्ड एकामागून एक लावून बघून, त्यालाही किती वर्षं झाली.

शेजारची मुलं फुकट नेट वापरतात तर वापरू दे असंही लोक म्हणतात. २६ जुलै २००८ आपण गुजरातमधले लोक विसरणार नाही. अहमदाबादच्या स्फोटांआधी जो ईमेल आला तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वाय-फायवरून पाठवलेला निघाला, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता आणि पोलिस त्याच्या दारात.

आम्ही काय केलं ते सांगते. मागच्या भोकात टाचणी घालून राऊटर रीसेट केला (त्याआधी कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर नेटच सुरू होत नाही, माझा अर्धा दिवस त्यात गेला), दोन्ही पासवर्ड वेगवेगळे आणि लांब ठेवले, फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट केलं, सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ (वाय-फायच्या कुलपाचा प्रकार) ठेवलं, नव्या राऊटरात डब्ल्यूपीए३ मिळतं तर तेच घ्यावं. रिमोट मॅनेजमेंट बंद, डब्ल्यूपीएस, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, तीपण बंद. या डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी असतो खरा पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ पासून माहीत आहे आणि तरी बटण चालूच येतं. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राऊटरवरचं वेगळं वाय-फाय.

कंप्युटरचंही तसंच. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, तरी आपल्याकडे किती दुकानांत तेच चालू आहे! माझ्याकडे एका व्यापाऱ्याच्या नावाने मेलवर बिल आलं होतं, नाव ‘बिल डॉट पीडीएफ’, चित्रसुद्धा पीडीएफचंच. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, ते दिसेल असं सेटिंग केलं तेव्हा मागे ‘डॉट ईएक्सई’ निघालं, म्हणजे बिल नाही, प्रोग्रॅम. हे सेटिंग सगळ्यांनी करून ठेवा. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वापरू नका, आणि बॅकअपची हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा, लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तीही लॉक करतं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईचे टूल फुकट मिळतात, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा.

माझी मागणी दोन गोष्टींची. राऊटर बसवणाऱ्याने दोन्ही पासवर्ड ग्राहकाकडून बदलून घेतल्याशिवाय कामाच्या कागदावर सही घेऊ नये, असा नियमच हवा. आणि तुम्ही पेपरात महिन्यातून एकदा तरी हे चित्रांसकट मराठीत छापा, कारण बडोद्यात माझ्या वयाच्या कितीतरी बायका मराठी पेपरच वाचतात आणि राऊटरची पानं सगळी इंग्रजीत असतात. तोपर्यंत आमच्या वाड्यात कोणाकडे नवीन कनेक्शन आलं की मी जाऊन बसते, मुलगा शिडीवरून उतरला की आधी पासवर्ड म्हणते. परवाचा मुलगा लगेच तयार झाला, तीन मिनिटं लागली.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा