काकू, त्या पिवळ्या रस्त्यांसाठी थँक्यू

प्रिय काकू,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतंच काकू. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते इंग्लंडमध्ये राहणाऱ्या अजून बऱ्याच मराठी लोकांच्या उपयोगी पडेल, आणि फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, त्यामुळे सगळं एकदा नीट लिहूनच काढते.

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात, नॉर्विचला आले तेव्हा माझ्याकडे सायकल होती पण शहराबाहेर जायचं धाडस होत नव्हतं. फोनवर समुद्राकाठचं क्रोमर टाकलं की जवळचा रस्ता म्हणून ए-१४० हा हमरस्ता समोर यायचा, त्या रस्त्यावर शेजारून लॉरी गेली की वाऱ्याने हँडल हलायचं, एक-दोनदा असं झाल्यावर मी मनाशी ठरवूनच टाकलं की इथल्या खेड्यापाड्यांतून सायकल चालवणं आपल्याला जमणार नाही. गणपतीला आरती झाल्यावर हे तुम्हाला सहज बोलून गेले आणि तुम्ही पुढच्याच रविवारी मला घरी बोलावून टेबलावर तो गुलाबी कव्हरचा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नकाशा पसरलात, लँडरेंजर १३३, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेला.

मला वाटलं आता तुम्ही कुठे जायचं ते दाखवणार. तुम्ही उलटं विचारलंत, "यातला कुठला रस्ता असा आहे की ज्यावरून जायची कुणालाच गरज नाही?"

काकू, या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. ए रोड म्हणजे हमरस्ते सोडा, त्याखालचे बी रोड सोडा, नकाशावर पिवळ्या रंगाने दाखवलेले लहान रस्ते बघ, आणि पिवळ्यांतले सगळ्यात बारीक, जे चार मीटरपेक्षा अरुंद असतात ते बघ. मग त्या पिवळ्यातही निवड करायची. ज्या बारीक रस्त्याला समांतर एखादा मोठा रस्ता आहे तो चांगला, कारण घाईची सगळी माणसं मोठ्यानेच जाणार. जो प्रत्येक शेताच्या कडेकडेने वळत दहा-बारा घरांच्या गावातून तेवढ्याच दुसऱ्या गावाला जातो तो त्याहून चांगला. पण जो पिवळा असूनही दोन मोठ्या गावांना सरळ जोडतो तो टाळायचा, सकाळी ऑफिसला जाणारे त्याचा शॉर्टकट करतात, आणि गल्लीएवढ्या रस्त्यालासुद्धा इथे बऱ्याचदा कायद्याने ताशी ६० मैलांची मर्यादा असते म्हणजे जवळजवळ ९६ किलोमीटर! हे ऐकून मी घाबरले होते, तर तुम्ही म्हणालात की म्हणूनच तर गाडीवाल्यांना नको असलेला रस्ता शोधायचा, नुसता लहान नाही.

आणि दुसरं, मोठा रस्ता फक्त ओलांडायचा, त्यावरून चालवायची नाही. त्यातही समोरासमोर पिवळा रस्ता सुरू होतो अशी जागा शोधायची. शंभर मीटर उजवीकडे जाऊन मग डावीकडे वळायचं असेल तर तेवढे शंभर मीटरच सगळ्यात वाईट.

तुम्ही पेन्सिलने आखून दिलेला पहिला रूट मी अजून जपून ठेवलाय. नॉर्विचहून शेरिंगमच्या गाडीत सायकल चढवायची, गन्टनच्या त्या एवढ्याशा स्टेशनवर उतरायचं, तिथून ऑल्डबरो, गावाच्या मधोमध मोठं हिरवं मैदान, त्यावर क्रिकेट, मग इटरिंगहॅम जिथे ब्युअर नदी आहे आणि गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं दुकान आहे, मग हेडन. हेडनवर तुम्ही दोनदा गोल केला होता. गावात जायला एकच रस्ता आणि तो तिथेच संपतो, त्यामुळे त्या गावातून पुढे जाणारी गाडी नसतेच, जी येते ती फक्त तिथे राहणाऱ्याची नाहीतर चहाला आलेल्याची. मी त्या हिरवळीपाशी बसून डबा खाल्ला तेव्हा मला कबुतरांचा आवाज येत होता, लांब कुठेतरी एक ट्रॅक्टर, बस. कामाच्या आठवड्यात डोक्यात जो कल्ला असतो तो तिथे खरोखर थांबला.

पुढे सॉल. मूठभर घरं आणि शेतातून वर आलेलं एवढं प्रचंड चर्च की मी आधी लांबून ते मोठ्या गावाचं समजत होते. तुम्ही मला नंतर सांगितलंत की पंधराव्या शतकात इथे लोकरीचा आणि कापडाचा पैसा होता, नॉरफोक तेव्हा इंग्लंडच्या श्रीमंत भागांपैकी होतं, माणसं आणि पैसा गेला आणि चर्चं तेवढी राहिली. इथे बांधकामाला चांगला दगड मिळत नाही म्हणून भिंती गारगोटीच्या, आणि जुन्या कितीतरी चर्चचे मनोरे गोल, हे सगळं मी गाडीतून जाताना कधी बघितलंच नसतं. बहुतेक चर्चं दिवसा उघडी असतात, पाऊस आला की आत बसता येतं हेसुद्धा तुमच्याकडूनच कळलं.

शेवटी रीफम आणि तिथून व्हिटवेलच्या जुन्या स्टेशनापाशी मॅरियट्स वे. १९५९ साली पॅसेंजर गाड्या बंद झालेल्या रेल्वेचा मार्ग, आता पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा, एका रेल्वे इंजिनियरचं नाव दिलेला. रेल्वेसाठी काढलेला असल्यामुळे चढ जाणवत नाही आणि दमलेल्या पायांनी थेट नॉर्विचमध्ये येता येतं. रूटचा शेवट तिथे आणण्यात तुमचा किती विचार होता ते मला घरी पोचल्यावर कळलं.

मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला हे सगळे रस्ते कसे पाठ. तर मिरजेहून एमबीबीएस करून सत्तरच्या दशकात इथे आलेली एकटी मराठी डॉक्टर, खेड्यातली प्रॅक्टिस, २००४ च्या आधी जीपींनाच, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनाच, रात्रीच्या व्हिजिटची जबाबदारी, धुक्यात कंदिलाएवढ्या उजेडाचं फार्महाऊस शोधायचं, जीपीएस नाही काही नाही, फक्त हा नकाशा. म्हणजे मी ज्या रस्त्यांवर आज मजेत गाणी म्हणत जाते ते तुम्ही लोकांची दुखणी बघायला जाऊन शिकलात. हे ऐकल्यापासून मला तो फाटका नकाशा हातात घेताना वेगळंच वाटतं.

ऋतूंचं पण तुम्हीच सांगितलंत आणि हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काऊ पार्सली नावाची पांढऱ्या फुलांची रानझाडं खांद्याएवढी वाढतात, दिसायला सुंदर पण वळणावर पलीकडचं दिसत नाही, तेव्हा हळू. ऑगस्टमध्ये कापणीचे ट्रेलर. १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांमुळे शेतकऱ्यांना कुंपणाच्या झाडोऱ्याची छाटणी करता येत नाही, म्हणून सप्टेंबर उजाडला की सगळीकडे ट्रॅक्टर लागतात आणि रस्ताभर काटे पडतात, तेव्हा जादा ट्यूब बरोबर पाहिजेच. मग साखरेसाठी पिकवलेल्या बीटची, शुगर बीटची काढणी. आपल्या सांगलीकडे ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यांचं जे होतं तेच इथे बीटच्या लॉऱ्यांनी होतं, फक्त वर चिखल आणि थंडी.

घोडा दिसला तर घंटी न वाजवता लांबूनच "हॅलो" म्हणायचं, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही. ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या शेतांमधल्या वाटेवर, १९६८ च्या कायद्याने सायकलला हक्क आहे पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. फूटपाथवर, म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांच्या शेतवाटेवर, तो हक्क नाही. गाडीवाला मागे जाऊन थांबला तर हात वर करायचाच. निळ्या पाटीवर, म्हणजे देशभरच्या सायकल मार्गांच्या नॅशनल सायकल नेटवर्कवर, डोळे झाकून विसंबायचं नाही, २०२० मध्ये ते सांभाळणाऱ्या संस्थेने स्वतःच जवळपास पाव नेटवर्क रहदारीमुळे यादीतून काढलं, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा खरंच आवडतो.

आणि काकांच्या पॅनियर बॅगा, सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना अडकवायच्या. त्या देताना तुम्ही एवढंच म्हणालात, "पडून खराब होतात." मी त्यांना मेण लावलंय, एका बकलचा पट्टा बदलून घेतलाय. त्यातल्या बाहेरच्या खिशात काकांच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, गावांची नावं आणि पुढे कुठे अंडी चांगली मिळतात ते. ती तशीच परत ठेवलीय, तुम्हाला दाखवायची आहे. त्यातल्या दोन ठिकाणी फाटकापाशी अजून अंड्यांचा ट्रे आणि पैशांचा डबा असतो, मी बघून आले.

आता पुढचा रूट मी स्वतः आखलाय. थॉर्नेजकडून ग्लेव्हन नदीच्या बाजूने ग्लँडफर्ड, जिथे नदी रस्त्यावरूनच वाहते आणि शेजारी पायी जायचा पूल आहे, आणि मग क्लायला समुद्राकडे. अडकलेय फक्त ए-१४८ लेदरिंगसेटला ओलांडावा का अजून कुठे, तिथे वळण आहे आणि मला तो तुकडा आवडत नाहीये. शनिवारी नकाशा घेऊन येते. खिचडी मी करून आणते, तुम्ही काही करू नका, पेन्सिल आणि तुमचा चष्मा तेवढा शोधून ठेवा.

तुमची,
नॉर्विचची सायकलवाली