राणाच्या पाठीचं माप घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव-गाव लिहायचं नाही ही अट पाळतेय. "नाव टाकलंस तर दारात गाड्या लागतील आणि तुझी काकू मला पडवीत झोपायला लावेल," हे तुमचं वाक्य मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही स्वतः काही हे वाचणार नाही, पुतण्या वाचून दाखवेल. त्याला सांगा, सावकाश वाच म्हणावं.

जाहीर पत्र लिहायचं कारण एवढंच की अलिबागपासून मुरूडपर्यंत घोडे पाळणारी आमची जी चार डोकी आहेत, ती सगळी हल्ली एकच विचारतात: राणाचं खोगीर कुठून घेतलंस? कुठून घेतलं हे सांगून त्यांना काही उपयोग नाही. कसं घेतलं ते सांगायला हवं, आणि त्यातलं बहुतेक श्रेय तुमचं आहे.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या चार स्वारांनी ड्रेसेजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि हालचाली नेटक्या करून घेण्याच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत आपल्याला ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. तेव्हापासून माझ्या डोक्यात ड्रेसेजचं खूळ आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबईतल्या एका दुकानात गेले तर मला दोनच गोष्टी विचारल्या: बैठक सतरा इंची लागेल की साडेसतरा, आणि बजेट किती. घोड्याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही आलात ते माझ्याकडे न बघता थेट राणापाशी गेलात.

चहा गार होत होता आणि तुम्ही त्याच्या पाठीवरून तळहात फिरवत होतात. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना उगवलेले पांढरे केस तुम्ही बोटाने दाखवलेत. रेसच्या दिवसांतल्या दाबाच्या खुणा. कातडी खोलवर दुखावली की तिथे पुढचे केस रंग सोडून येतात, असं म्हणालात. मी ते केस रोज खरारा करताना बघत होते आणि मला ते छान वाटत होते. मग फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, मागे लवचिक पट्टी दाबून बसवलीत, तो आकार हापूसच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने उतरवलात आणि कात्रीने कापलात. पाठीच्या खोलगट भागात एक, शेवटच्या बरगडीपाशी एक आणि पाठीच्या लांबीचा एक. प्रत्येकावर डावं-उजवं आणि तारीख. "घोडा दुकानात नेता येत नाही, पाठ नेता येते," म्हणालात. शेवटच्या बरगडीची रेघ ठळक काढलीत, कारण खोगिराचा भार तिच्या मागे जाता कामा नये. तिथे कमरेला आधार देणारी बरगडीच नसते.

पावसामुळे गेटवेच्या बोटी बंद होत्या, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने ट्रायलची खोगिरं मांडव्याला आणली. त्यात एक चकचकीत परदेशी होतं, माझा जीव त्याच्यावर. तुम्ही ते उलटं करून मांडीवर घेतलंत, पुठ्ठा आत धरलात आणि काही न बोलता बाजूला ठेवलंत. पुढची कमान राणाच्या उंचवट्यावर जेमतेम एक बोट सोडत होती; वर मी बसल्यावर तीही जागा गेली असती. दुसरं पुढे आणि मागे टेकत होतं, मध्ये पोकळ, दोन खांबांवर टाकलेल्या साकवासारखं. त्यात भर म्हणजे त्याच्या खालच्या, पाठीवर टेकणाऱ्या गाद्या फोमच्या, म्हणजे पुढे कमी-जास्त करायची सोय नाही. राहिलं ते कानपूरचं, सेकंडहँड, रंग उडालेलं. "शिक्का बघू नको, टाके बघ," म्हणालात. सांगाडा गुडघ्यावर दाबून बघितलात, कुठे करकरतोय का ते कान लावून ऐकलंत. गाद्या लोकरीच्या होत्या. मधला चर चार बोटं रुंद, मणक्याला कुठेच स्पर्श नाही.

राणाचा डावा फरा उजव्यापेक्षा भरलेला आहे, त्यामुळे कुठलंही खोगीर चालता चालता उजवीकडे सरकायचं. माप मोठ्या फऱ्याचं धरायचं आणि कमी भरलेल्या बाजूला लोकर वाढवायची, ही तुमची पद्धत. टोचणीने एकेक बोंदा आत सारत होतात, मध्येच हाताने दाबून बघत होतात. त्या दुपारी मी नुसती बसून होते, पण घोडेस्वारीच्या कुठल्याही शिबिरात एवढं शिकले नसते.

तंगाचंही, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचंही, तसंच. ड्रेसेजच्या खोगिराचे पट्टे लांब लोंबतात, बकल मांडीखाली येऊ नये म्हणून. त्यामुळे तंग आखूड लागतो, आणि माझा जुना लांब तंग निकामी झाला. नवा तुम्ही कोपरापासून हात दोन बोटं मागे धरून मोजलात. लगामाच्या बाबतीत मी दुहेरी कडीचा (तोंडात एकाऐवजी दोन कड्या असतात त्याचा) हट्ट धरला होता. (दिसतो छान, मान्य करा.) ड्रेसेजच्या खालच्या पातळीच्या टेस्टना साधी एकेरी स्नॅफल कडीच चालते, हे सांगून तुम्ही माझे बरेच पैसे वाचवलेत. नाकपट्टीखाली स्वतःची दोन बोटं घातलीत, तीही नाकाच्या हाडावर, गालाच्या बाजूला नाही. आता तर एफईआयने (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने) २०२५ पासून ते तपासायला मोजपट्टीच आणली आहे. तुमची बोटं आधीपासूनच नियमात बसत होती.

निकाल सांगते. ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवर २० बाय ४० मीटरचं रिंगण आखतो आम्ही, प्लास्टिकच्या ड्रमांवर ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही ड्रेसेजच्या रिंगणाची ठरलेली अक्षरं रंगवून. तंग आवळताना राणा कान मागे टाकायचा आणि शेपटी फटकारायचा, ते थांबलं. डाव्या वर्तुळात तो आता पाठ सैल सोडतो, मान खाली घेतो. उतरल्यावर खोगीर काढून बघते: घाम दोन्ही बाजूंना सारखा, मध्ये कुठे कोरडा डाग नाही. आपल्या दमट हवेत घोडा उभ्या उभ्या घामाघूम होतो, तरी दाबाचा कोरडा डाग लपत नाही, हे तुमचंच निरीक्षण.

जपणूकही तुम्ही सांगितल्याप्रमाणे चालू आहे. कडी आणि रिकिबी गोड्या पाण्यात धुते, बकलं स्टेनलेस स्टीलची घेतली कारण खाऱ्या वाऱ्यात मुलामा टिकत नाही. खोबरेल तेलाची बाटली तबेल्यातून हद्दपार केली. खोगीर प्लास्टिकमध्ये गुंडाळत नाही, वारा लागेल असं ठेवते. श्रावणात तरी बुरशी आलीच, पण ओल्या फडक्याने पुसून सॅडल सोप (चामड्याचा साबण) लावला आणि सावलीत वाळवलं, गेली.

तुमच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर लोकर आणि दोरा एवढंच लिहिलेलं होतं. मजुरीचा रकाना कोरा. तो मी भरून पाठवला तर पुतण्याकरवी परत आला. बरं, तो विषय तूर्त बाजूला ठेवते.

लोकर आता बसली असावी, आणि पावसात काम कमी झाल्याने राणाची पाठही थोडी बदलली आहे. दिवाळीच्या आधी एकदा या. टोचणी आणा, जुने पुठ्ठे माझ्याकडे जपून ठेवलेत. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
राणाची मालकीण