लो-कार्ब, वजनकाटा आणि तुझा मेसेज

प्रिय निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, एका पार्टीने दीड किलो वाढलं, आता परत शून्यापासून वगैरे. अरे ते दीड किलो चरबी नाहीये, बहुतेक सगळं पाणी आहे. लिव्हर आणि स्नायू मिळून शरीर साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद केले की हा साठा उतरतो, पाणी निघून जातं, केक आणि भात पोटात गेला की परत भरतो. सुरुवातीला पहिल्याच आठवड्यात तुझं भराभर उतरलं आणि तू काट्याचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकत होतास ना, त्यातही मोठा वाटा ह्याच पाण्याचा होता, मी तेव्हा बोलले नाही, कशाला उगाच विरजण घालायचं. आणि हिशोब करून बघ, एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे दीड किलोला साडेअकरा हजार कॅलरी जास्तीच्या, एका रात्रीत! तुला समोर बसवून भरवलं तरी जमायचं नाही.

त्यामुळे मला पार्टीची काळजी नाहीये, तू पुढे जे लिहिलंस ना की 'आता अजून कडक करतो, दिवसाला 20 ग्रॅम कार्ब', त्याची आहे.

वजन उतरवणं हे एक काम आणि उतरलेलं तिथेच ठेवणं हे दुसरं, आणि दुसरं जास्त अवघड, कारण तिथे शरीर तुझ्या बाजूने नसतं. 2011 साली एक अभ्यास आला होता, 50 लोकांचं वजन दहा आठवड्यांच्या कडक डाएटने उतरवलं आणि वर्षभराने परत तपासलं तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन अजून चढलेलंच आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन अजून खाली. अंदाज असा आहे की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20-30 कॅलरीने कमी होतो आणि भूक मात्र 100 च्या आसपास वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या माणसाला रोज किती ओढ लागत असेल बघ. तेव्हा तुझी आत्या 'जिभेवर ताबा नाही' म्हणाली तर हो हो म्हण आणि विषय बदल.

आता लो-कार्ब इथे उपयोगी पडतं का, तर पडू शकतं, पण तू ज्या रील्स बघतोस तितकं सरळ नाहीये. 2018 मध्ये अमेरिकेत 164 लोकांवर प्रयोग झाला, सगळ्यांचं वजन आधी बारा टक्क्यांच्या आसपास उतरवलेलं, म्हणजे अगदी तुझ्याच टप्प्यावरचे लोक. मग वीस आठवडे कोणाला 60 टक्के कार्ब, कोणाला 40, कोणाला 20, प्रोटीन सगळ्यांना सारखंच. 20 टक्केवाल्यांचा रोजचा खर्च 60 वाल्यांपेक्षा 200 कॅलरीने जास्त निघाला. मोजायच्या पद्धतीवरून नंतर बरेच वाद झाले, आणि त्या लोकांना जेवण तयार करून दिलं जात होतं, तुला कोण देणारे? पण मला त्यातली मजेची गोष्ट वेगळीच वाटली. 2000 कॅलरीचे 20 टक्के म्हणजे 400 कॅलरी, म्हणजे 100 ग्रॅम कार्ब. तुझ्या 20 ग्रॅमच्या पाचपट! त्यात फळं, कडधान्यं, दही सगळं बसतं, थोडं धान्यही बसतं.

त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, 609 लोक, अर्धे लो-फॅट आणि अर्धे लो-कार्ब, वर्षभर. शेवटी सरासरी 5.3 किलो आणि 6 किलो, म्हणजे फरक नसल्यातच जमा. पण दोन्ही गटांत कोणाचं पंचवीस किलोच्या वर उतरलं तर कोणाचं चक्क वाढलं, म्हणून मला कोणी 'हेच डाएट बेस्ट' म्हटलं की मी ऐकून सोडून देते. अमेरिकेत 1994 पासून वजन राखणाऱ्या लोकांची नोंद ठेवतात, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेले लोक, त्यातले बरेचसे तर लो-फॅट खाणारे निघाले, पण बहुतेक जण नियमित वजन करतात आणि रोज तासभर तरी अंग हलवतात, आणि हे अंग हलवणंच तू सोडून दिलंयस.

तुला लो-कार्बने भूक कमी लागते असं तूच म्हणतोस ना, मग तेच चालू ठेव, फक्त पाच वर्षांनीही खाऊ शकशील इतपतच. साखर आणि गोड ड्रिंक्स बंदच राहू देत, मैद्याचं कमी, आणि प्रत्येक जेवणात प्रोटीन नीट असू दे, कारण युरोपात 2010 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात उतरलेलं वजन टिकवायला थोडं जास्त प्रोटीन आणि साखर हळू वाढवणारे कार्ब हीच जोडी सगळ्यात बरी ठरली होती. काट्याचं म्हणशील तर रोजचा आकडा सोड, आठवड्याची सरासरी बघ, ती तीन-चार आठवडे चढत राहिली तरच काहीतरी बदल.

आणि तुझा तो ऑफिसमधला मित्र, शुगरवाला, त्याला तुझा चार्ट फॉरवर्ड करू नकोस प्लीज. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना कार्ब एकदम तोडले की शुगर धाडकन खाली जाऊ शकते, आणि शुगरच्याच ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांवर तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं, होऊ शकतो, त्यात माणूस थेट आयसीयूत जातो. त्याला आधी डॉक्टरांशी बोलून डोस बघू दे.

तुझं स्वतःचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, कर ह्या महिन्यात, लोणी-चीजवर राहणाऱ्या काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच वाढतं, वाढलं असेल तर त्याऐवजी तेलबिया, मासे असं वळवता येईल. रिपोर्टचा फोटो पाठव, आणि पूर्ण पाठव, मागच्या वेळी खालच्या दोन ओळी कापून पाठवला होतास, कळलं होतं मला.

तुझी,
आई