दादरची गल्ली, जव्हारचा चढ आणि तुझी गाडी

प्रिय मित्रा,

काल रात्री तुझे सगळे व्हॉइस मेसेज लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकले, घाटकोपरला सुरू केले ते मुलुंड येईस्तोवर पुरले. फोनवर बोलायला गेलो की आपण दोघं भलतीकडेच जातो म्हणून सरळ लिहूनच काढतोय, लांबेल, पण वाच, कारण पंधरा-वीस लाखांचा मामला आहे आणि फोर्सची गुरखा, महिंद्राची थार की मारुतीची जिम्नी, या तिघींतली एक तू पोस्टर बघून घ्यायला निघालायस असं मला वाटतंय.

आधी हे सांग, गाडी वर्षभर नक्की कुठे फिरणार? सोमवार ते शनिवार दादर ते अंधेरी आणि परत, रात्री तुमच्या बिल्डिंगखालच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी स्कूटर लावलेल्या असतात तिथे उभी. आणि महिन्यातून दोनदा जव्हार, मनोर-विक्रमगडपर्यंत डांबरी, घाट चढला की शेवटी तुझ्या प्लॉटकडे जाणारा तो तीन किलोमीटरचा तांबड्या मातीचा चढ. म्हणजे खरा ऑफरोड तेवढाच, तीन किलोमीटर, पण ते तीन किलोमीटर पावसाळ्यात कोणाला सोडत नाहीत हे आपण दोघांनी बघितलंय.

गेल्या जुलैतलं आठव. माझी गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, तरी वळणावर फसली. तू काकांना छत्री धरून पुढे गेला होतास म्हणून तुला मागचं सगळं दिसलं नाही. चारही चाकं फिरत होती आणि गाडी इंचभर हलत नव्हती. खाली उतरून बघितलं तर टायरची नक्षीच दिसेना, सगळ्या खाचा चिखलाने गच्च भरलेल्या, चाक एकदम गुळगुळीत, मडक्यासारखं. टायर कंपनीचे, हायवेचे होते. पाड्यावरचे दोघे जण आले, कोयत्याने ऐनाच्या फांद्या तोडल्या, चाकांखाली आडव्या घातल्या, मी चारही टायरची हवा कमी करून वीस पीएसआयवर आणली, फोर लो हा हळू पण जोराचा मोड टाकून दुसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर जवळजवळ न दाबता सोडली, आणि गाडी आली वर. त्यातल्या म्हाताऱ्या मामांनी एकच सांगितलं, चाक जास्त फिरवलंस की खड्डा तूच खणतोस.

म्हणून सांगतो, कुठलीही घे पण टायर बदलायचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढ. ऑल टेरेन टायर. हायवेला थोडा आवाज करतात, ॲव्हरेज किंचित पडतं, पण चिखल खाचांतून बाहेर फेकतात. त्यासोबत हवा भरायचा छोटा पंप, एक चांगला दोर आणि तो गाडीला अडकवायच्या दोन लोखंडी कड्या, शॅकल, बस. कॅरिअर, बुलबार, लाईटची माळ यावर पैसे नको घालूस.

आता तुझा शोरूमवाला म्हणाला ना की टू व्हील ड्राइव्ह घ्या, दिसायला तीच आहे आणि फोर बाय फोर वापरतंय कोण, त्याचं ऐकू नकोस. शहरापुरतं त्याचं बरोबर आहे, पण तुझ्याकडे तो चढ आहे. आणि नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलंय म्हणूनही भुलू नकोस, लो रेंज आहे का ते विचार. फोर लो म्हणजे गाडी मुंगीच्या पावलाने पण पूर्ण जोर लावून चढते, आणि उतरताना इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर उभं राहावं लागत नाही. एक अजून, तू बघतोयस त्या तिन्ही गाड्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे एरवी मागच्या दोनच चाकांवर चालतात, चारही चाकं आपण जोडायची. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हाय, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या वेगाचा मोड, टाकून फिरायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि मधे डिफरन्शिअल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, नसल्यामुळे तो फरक जिरायला जागा राहत नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर. ओलं, खडी, चिखल, तेव्हाच.

आता तिन्हीबद्दल. गुरखाचं नाव घेतलंस तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण ती खरीखुरी रानातली गाडी आहे. इंजिनला वरून हवा घेणारी नळी, स्नॉर्केल, कंपनीकडूनच, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शिअल लॉक होतात, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो, ७०० मिमी पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. पण उंची दोन मीटरच्या वर. मुंबईत मॉलच्या, हॉस्पिटलच्या बेसमेंटला लोखंडी दांडा लटकवलेला असतो, प्रत्येक ठिकाणी जीव मुठीत धरून आत जाणार का? आमच्या सोसायटीतल्या, यंत्राने गाड्या वर-खाली सरकवणाऱ्या पझल पार्किंगमध्ये तर वरच्या मजल्यावर साधी एसयूव्हीसुद्धा घेत नाहीत. आणि काकांचे गुडघे, त्यांना ती पायरी रोज झेपणार नाही रे.

थार तुझ्या मनात बसलीय हे मला कळतं. तीन दारांची, २०२० ची, २.२ डिझेलला ३०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, घाटात चौघं बसवून सामान टाकून पण दम लागत नाही. पण मागे बसायला पुढची सीट दुमडून वाकून शिरावं लागतं. वहिनी बसतील, काका नाही बसणार. पाच दारांची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, तिथे तो प्रश्न सुटला, पण तिची रुंदी १८७० मिमी आणि लांबी सव्वाचार मीटरच्या वर, आणि फोर बाय फोर हवी तर डिझेलच, ज्याला आपल्याकडे रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त.

आणि जिम्नी. तू हसलास तिला, खेळणं म्हणालास. अरे तिची रुंदी १६४५ मिमी आहे, साध्या थारपेक्षाही जवळपास सात इंच कमी. ते सात इंच तुझ्या गल्लीत रोज रात्री कामाला येणारेत, आणि त्या चढावरच्या करवंदीच्या जाळीतही. वजन साधारण १२०० किलो, त्यामुळे चिखलात बुडत नाही लवकर. शिडीसारखी मजबूत लॅडर फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे डावं-उजवं चाक जोडणारा अखंड ॲक्सल, लो रेंज सगळं आहे, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, २१० मिमी. कमी काय आहे तेही सांगतो, १०५ पीएस ताकदीचं पेट्रोल इंजिन, भरल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करताना विचार करावा लागतो, सीट चारच, आणि मागची सीट उभी असली की सामानाला जागा बेताचीच. पण तुम्ही चौघंच तर आहात.

पाण्याचं मात्र नीट ऐक, गाडी कुठलीही असो. २६ जुलै २००५ ला आपण कुर्ल्याहून छातीएवढ्या पाण्यातून चालत आलो होतो तेव्हा मोठमोठ्या गाड्या तरंगताना बघितल्यात आपण. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता त्या दिवशी. आता फोर बाय फोर आहे म्हणून पावसात तुंबलेल्या हिंदमाताला किंवा मिलन सबवेत घालायची नाही. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की संपलं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मधेच बंद पडली तर परत स्टार्टर मारू नकोस, ढकलून बाहेर काढ आणि टो करून ने. आणि इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट घेच, साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक धरत नाहीत.

माझं मत म्हणशील तर जिम्नी मॅन्युअल, आणि वाचलेल्या पैशात टायर. रॉक्सवरच मन अडलं असेल तर घे, मी काही रागावणार नाही, पण आधी उभी कुठे करणार ते ठरव.

रविवारी सकाळी येतो. काकांना तयार ठेव, जिम्नी आणि रॉक्स, दोन्हींच्या शोरूमला नेऊ आणि मागच्या सीटवर त्यांना स्वतः चढू-उतरू दे, आपण हात द्यायचा नाही. आणि मी यायच्या आधी मेजरिंग टेप घेऊन खाली उतर, गल्लीच्या तोंडाशी तो विजेचा डबा आहे ना, तिथली रुंदी मोजून मला पाठव. स्कूटर लावलेल्या असताना मोज, रात्री दहानंतर.

तुझाच,
मुलुंडवाला